सातवा ठोका

शैलाताईंच्या नवऱ्यामागे उरलेला ट्रक हिंजवडीच्या नव्या आयटी इमारतींना खडी पोचवायचा, पण लिटरला जेमतेम चार किलोमीटर द्यायचा.

"सुखदेवभाऊ, ॲव्हरेज वाढलं नाही तर गाडी विकावीच लागेल हो."

"बसा ताई. अजून माझे कान शाबूत आहेत," कात्रजचा म्हातारा सुखदेव मिस्त्री म्हणाला. शेजारच्या गॅरेजात कॉम्प्युटर आला होता. हा मात्र अजूनही लांब स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवायचा आणि त्याची मूठ कानाला लावून दोष शोधायचा.

त्याने टॅपेट जुळवले, डिझेल पंप सेट केला. सहाही सिलिंडर एका लयीत बोलू लागले. सवयीने त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवून ठोके मोजले.

सात भरले.

सातवा मऊ होता, म्हाताऱ्या काळजासारखा जरा दमलेला. त्याने पुन्हा सगळं जुळवलं. तो गेला नाही.

"किती हलकी चालतेय!" शैलाताई कितीतरी दिवसांनी हसल्या.

"आता पाच देईल, ताई." त्याने इंजिन बंद केलं.

सहा ठोके थांबले. सातवा बंद इंजिनात चालूच राहिला.

सुखदेवने स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावरून उचलून आपल्याच छातीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि श्वास रोखून ऐकलं.

आत काहीच वाजत नव्हतं.