ओहोटीतलं मत

एकोणीसशे सदतीस सालच्या निवडणुकीला धाकू कोळ्याने सकाळपासून गावचे मतदार होडीतून खाडीपलीकडच्या शाळेत पोचवले. शेवटी राहीआजी उरली. पण ओहोटी काही मतदारांसाठी थांबत नाही. काठाजवळ होडी चिखलात रुतली. धाकूने आजीला पाठीवर घेतलं. "तू मत दिलंस काय रे?" दिवसभरात हे कुणी विचारलं नव्हतं. "शेतसारा भरील त्यालाच मताचा हक्क, आजी. तुझी भातशेती हाय. मी जगतो पाण्यावर. पाण्याला कुठला सारा?" आजी म्हणाली, "दोघं उमेदवार गावात मतं मागायला तुझ्याच होडीतनं आलेले. तवाबी होडी रुतलेली. त्यांनी काय केलं?" "एक असाच पाठीवर बसला. दुसऱ्यानं धोतर खोचून माझ्यासंगं होडी ढकलली." "उतरव मला." उरलेला चिखल तिने धाकूचा हात धरून तुडवला. शाळेपाशी पाय धुतले आणि तांब्या त्याच्यापुढे केला. "तूही धू. आपल्याला मत द्यायचंय."