चार केबीचं स्थळ

“आणि ‘क्षमस्व’ असं कुठेही लिहायचं नाही हं,” सीमाताई खानोलकर म्हणाल्या. “पेपरात जाहिरात द्यायचे तेव्हा ठीक होतं. आता वाईट दिसतं.”

ठाकूरद्वारच्या एका वाडीत, पहिल्या मजल्यावर, त्यांच्या विवाह मंडळाचं ऑफिस होतं. समोर लॅपटॉप घेऊन अनिश, शेजारी त्याचा बॉस अभय, स्क्रीनवर मंडळाची नवी वेबसाइट. अनिशने तिच्यासाठी स्वतःचा एक टॅग बनवला होता, ‘स्थळ-कार्ड’ नावाचा. पानावर तो एक टॅग लिहिला की अख्खं स्थळ उभं राहायचं: फोटो, उंची, पगार, रास, मनमिळाऊ. जड लायब्ररी नाही, साधी जावास्क्रिप्ट, वजन चार केबी. जुनी साइट उघडेपर्यंत उपवर मुलीचं वय वाढायचं.

“मग काय लिहायचं?” अनिशने विचारलं.

“काहीच नाही. एससी वगैरे जी स्थळं आहेत, ती बाकीच्यांना नुसती दिसायला नकोत. जुन्या साइटवर मी हाताने लपवायचे. रोज. डोळे गेले माझे.”

“पण नाव नोंदवायला त्यांना बंदी नाही.”

“छे. आम्ही जात मानतच नाही. फॉर्म सगळ्यांना एकच आहे.”

“म्हणजे माणूस फॉर्म भरणार, आणि कोणालाच दिसणार नाही.”

“असं कसं? ज्याचं त्याला दिसेल की.”

अभयने टेबलाखालून अनिशच्या पायावर पाय ठेवला. उचलला नाही.

“तुम्ही जाधव ना?” सीमाताईंनी अनिशकडे चौकशी केली. “कुठले?”

“भायखळ्याचे.”

“तसं नाही हो. मूळचे?”

“आजोबा मिलमध्ये होते. म्हणजे मूळचे भायखळ्याचेच.”

“गाव, गाव.”

“चिपळूणजवळ.”

“अगोबाई, मग आपल्याकडचेच की. मग तुम्हाला समजेल.”

समजलं होतंच. काल मंडळाची खरी माहिती भरताना एकशे सत्तेचाळिसाव्या कार्डात त्याची सख्खी बहीण निघाली होती. प्रिती जाधव, एकतीस, एम.कॉम., बँकेत, जात एससी. आठ महिन्यांत तिला एक फोन नव्हता. घरात सगळा दोष फोटोला दिला गेला. तिने तो तीनदा बदलला. तिसऱ्यांदा अनिशनेच काढला, उजेड नीट यावा म्हणून गॅलरीत उपड्या बादलीवर उभं राहून.

“आत्ताच करून टाकतो,” अनिश म्हणाला.

अभयने पाय उचलला.

अशा टॅगचं बरं असतं. आतलं सगळं एका फाइलीत. तिथे एक ओळ बदलली की दोनशे बारा स्थळांना लागू. अनिशने ओळ लिहिली, इतक्या जोरात की कपातला चहा बशीत आला. पान पुन्हा उघडलं. लगेच उघडलं, तक्रारीला जागा नाही.

सीमाताईंनी चष्मा लावला. एकेचाळीस कार्डांतून फोटो, उंची, पगार सगळं गेलं होतं. चौकटी मात्र जागच्या जागी होत्या, आणि प्रत्येकीत सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘क्षमस्व. हे स्थळ तुम्हाला दाखवायचं नाही, असं सीमा खानोलकर यांनी सांगितलं आहे.’

“हे काय?”

“तुम्ही सांगितलंत ते.”

“असं लिहायला कुठे सांगितलं?”

“यात खोटं काय आहे ते दाखवा. दुरुस्त करतो.”

सीमाताईंनी अभयकडे बघितलं. भिंतीवर जमलेल्या लग्नांचे फोटो होते, सगळे अभयकडेच बघत होते.

“अन्या, गप काढ ते,” अभय म्हणाला.

“नाही काढत.”

“उद्यापासून येऊ नकोस मग.”

“ठीक. आज तर आहे ना.”

अभयने लॅपटॉप ओढला. तो एकेकाळी कोड लिहायचा, आता मीटिंगा करायचा. त्याने बाहेरच्या पानावरून हुकूम सोडला: ते वाक्य लपव. वाक्य हललं नाही. पुन्हा सोडला.

“आत नाही पोचणार ते,” अनिश म्हणाला. “कार्ड आतून बंद आहे. बाहेरच्या पानाचं ऐकत नाही. तूच तर ताईंना कौतुकाने सांगत होतास.”

अभयने मानेवरचा घाम पुसला आणि सरळ कार्डंच लपवून टाकली. दोनशे बाराच्या दोनशे बारा गेली. स्वच्छ पांढरं पान राहिलं.

“अहो, आमची पूर्वी कुठे गेली?” सीमाताई अर्ध्या उठल्या. “भाची आहे माझी. रविवारी बघायला येतायत तिला.”

“बाहेरून लपवलं की सगळेच जातात, ताई,” अनिश म्हणाला.

अभयने घाईघाईने सगळ्यांना परत आणलं. भाची पूर्वी परत आली. एकेचाळीस चौकटीही आल्या.

अनिशने फाइल उघडून त्याच्यासमोर धरली. “ही घे. बावन्नावी ओळ. ‘जात बघ, आणि गुपचूप लपव.’ एवढंच लिहायचंय. लिही तुझ्या हाताने.”

अभयची बोटं कीबोर्डवर गेली. कर्सर लुकलुकत राहिला. अभयने बोटांकडे बघितलं, जणू ती कोणी दुसऱ्याने तिथे आणून ठेवली होती. मग त्याने फाइल बंद केली आणि लॅपटॉप वळवून सीमाताईंपुढे सरकवला.

त्या पान खाली सरकवत गेल्या. एक चौकट, दुसरी, दहावी, तिसावी. प्रत्येकीपाशी थांबून वाचत होत्या, जणू एखादीत वेगळं असेल. शेवटच्या चौकटीनंतर त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

“बाकीचं राहू दे हवं तर. माझं नाव तेवढं काढा.”