बायकोच्या बाजूनं

रविवारी दुपारी टीव्हीवर एका थोर लेखकाच्या संसाराचा सिनेमा लागला आणि तीर्थपुरीच्या त्या गल्लीत दोन तट पडले. बाप्ये म्हणाले, एवढा मोठा माणूस, बायकोनं नुस्ता जीव खाल्ला त्याचा. बायका म्हणाल्या, त्यानंच तिचं वाटोळं केलं. बाप्यांतून एकटे भुजंग गुरुजी तिच्या बाजूनं भांडले. घरी येऊन त्यांनी सहा पानांचा लेख खरडला आणि भाकरी थापणाऱ्या उषाबाईला हाक मारली.

"अगं, हे जल्दी चांगल्या अक्षरात उतरून दे. सकाळच्या एसटीनं जालन्याच्या पेपराला पाठवायचंय."

गुरुजींचं अक्षर संपादकाला लागत नसे; लग्न झाल्यापासून त्यांचं सगळं उषाबाईच उतरवी. हाताचं पीठ धुऊन ती बसली. तिसऱ्या पानापर्यंत लेखकाचं नाव बारा वेळा लिहून झालं, तेव्हा तिनं विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं हो?"

गुरुजींनी डोकं खाजवलं. "ध्यानात न्हाई राह्यलं. लेखकाची बायको लिही, लोकायला बराबर कळतंय."

उषाबाईनं तसं लिहिलं न्हाई. एका नावाएवढी जागा कोरी सोडली आणि गुरुजींचं पुढचं वाक्य वळणदार अक्षरात उतरवलं : 'या बाईचे कष्ट घरात कोणालाच दिसले नाहीत.'