गॅलरीतलं शेवाळ

घरामागच्या कारखान्याच्या धुरामुळे बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या छातीत खोकल्याने घर केलं होतं. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची आणि सासूबाई तेच कपडे पुन्हा धुवायला घ्यायच्या. बाबांनी तक्रारी करून करून हवा तपासणाऱ्या ऑफिसचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे तिथली एक मुलगी आली आणि आमच्या गॅलरीत शेवाळाची जाळीदार पिशवी टांगून गेली. "हवेत जे काही असेल ते हे शेवाळ धरून ठेवतं," ती म्हणाली. "काही दिवस राहू दे, मग नेऊन तपासू."

बाबा जिवाला जपावं तसं त्या पिशवीला जपायचे. दुपारभर खुर्ची टाकून तिच्यासमोर बसायचे.

काल ती मुलगी निकाल सांगायला आली. "आजोबा, सगळ्या भागात तुमच्याच गॅलरीतलं शेवाळ सर्वांत स्वच्छ निघालं. तुमची तक्रार आता पुढे नेता येणार नाही."

ती गेली. बाबांनी खिशातला पंप काढून तोंडात धरला, ओढला आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. मी तिचा न प्यायलेला चहा आत नेला.

ओट्यापाशी सासूबाई खुशीत म्हणाल्या, "स्वच्छ निघणारच की गं! तुम्ही उठायच्या आत रोज नळाखाली धुवून टांगत होते मी. परक्या पोरीच्या हातात तसलं काळंकुट्ट कसं द्यायचं?"