पाळी

गोंदियातल्या पूल क्लबात नाइन-बॉलच्या फायनलआधीच ब्रेक, म्हणजे बॉल फोडायचा पहिला फटका, कोणी मारायचा यावरून वाद पेटला. "जो जितला, पुढचा ब्रेक त्याचाच," अश्विन म्हणाला. फायनलमधली त्याची प्रतिस्पर्धी, आमगावची रीना म्हणाली, "आमच्या तलावाचं पाणी पाळीपाळीनं सुटते, मंग ब्रेक काऊन नाही?" जिभेला हाड नसतं. "काऊन, आज तुझी पाळी आहे का?" तो बोलून गेला. पोरं फिदीफिदी हसली; त्या हशातच त्याचा नियम मंजूर झाला. पहिल्या ब्रेकची नाणेफेक रीनानं जिंकली. डावामागून डाव तीच ब्रेक करत गेली, तीच सगळे बॉल टाकून जिंकत गेली. अश्विन खुर्चीतच क्यूला खडू घासत राहिला. जिंकायला एकच डाव उरला असताना तिनं पांढरा बॉल उचलून त्याच्यासमोर धरला. "घे भाऊ, आता तुझी पाळी." कोणीच हसलं नाही. नको म्हणायला अश्विननं तोंड उघडलं. पण हात आधीच पुढं गेला होता.