नवव्या प्रश्नाची खूण

एकतिसावं घर होतं. तुटलेल्या चपलेच्या अंगठ्याला लावलेली पिन सकाळपासून टोचत होती. मानसिक आरोग्याच्या सर्वेक्षणातला नववा प्रश्न एव्हाना माझ्याने विचारवत नव्हता: ‘गेल्या दोन आठवड्यांत जगणं नकोसं वाटलं का?’ तीस घरांनी ‘नाही’च सांगितलं होतं. म्हणून या फॉर्मवर मी जिन्यातच ‘नाही’वर खूण करून टाकली.

दार उघडणारे काका शिंपी होते. घरात दुसरं कोणी नव्हतं आणि शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. मी चपला न काढता दारातल्या स्टुलावरच बसले. आठ प्रश्नांची उत्तरं त्यांनी सरळ दिली. झोप लागत नाही, भूक मेलीय, कपडे शिवायला घेणं बंद केलंय.

नववा प्रश्न मी घाईघाईत वाचला. चष्मा सावरत काकांनी माझ्या मांडीवरच्या कागदात पाहिलं.

“तुम्ही ‘नाही’ लिहिलंय की,” ते हळू आवाजात म्हणाले. “मग राहू द्या, ताई. कशाला खाडाखोड?”

मी पेन बंद केलं, चपला दाराबाहेर काढल्या आणि आत सतरंजीवर त्यांच्यासमोर बसले.

“खाडाखोड मी करेन, काका. तुम्ही बोला.”