सासूबाईंचे गुडघे

"आता प्रत्येकाने आपापल्या आईच्या मांडीवर बसायचं," गाण्याच्या बाई म्हणाल्या, आणि तीन वर्षांची बेगायिम तडक जाऊन आजीसमोर उभी राहिली.

चिनाराने मान खाली घातली. मुलगी तिच्या पोटची होती. पण पहिलं मूल सासूचं, हा नारिनकडच्या घरांचा रिवाज. त्यामुळे सासूबाई सायराकान या बेगायिमच्या 'आई' आणि चिनारा तिची 'वहिनी'. लहानग्यांच्या या शनिवारच्या वर्गात एकटं मूल घेत नसत, घरच्यांनीही सोबत नाव घालायचं, हे कळल्यापासून चिनारा सासूबाईंच्या मागे लागली होती. मुलगी तासभर तरी मांडीवर मिळेल, एवढाच तिचा हिशेब. सासूबाई दोन महिने 'बघू' म्हणाल्या. मग 'बरं' म्हणाल्या, आणि ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून स्वतःच निघाल्या. अर्जावर 'आईचं नाव' या रकान्यात त्यांनी आपलं नाव घालायला लावलं. तेही चिनाराच्याच हातून, कारण घरात अक्षर तिचं चांगलं.

सासूबाईंनी खालच्या लोकरी जाजमाकडे पाहिलं. मग बेगायिमकडे. मग चिनाराकडे. आणि खुर्ची मागितली.

"गुडघ्यांनी आज संप पुकारलाय माझ्या," त्या म्हणाल्या. "जा गं, वहिनीच्या मांडीवर बस. घोड्याचं गाणं आहे, पडशीलबिडशील. धरेल ती."

बेगायिम पाहुण्यासारखी अवघडून बसली. दुसऱ्या कडव्याला तिची पाठ सैलावली. चौथ्याला तिने डोकं चिनाराच्या छातीवर टेकलं. चिनाराचा आवाज फाटला, तेव्हा बाईंनी तिला सूर सांभाळायला सांगितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

गाणं संपलं. बेगायिम उठली, "छान धरलंस हं, वहिनी," असं मोठ्या बाईसारखं म्हणाली आणि आईकडे पळाली.

दाराशी थोरले दीर कुबात गाडी घेऊन आले होते. चाळिशीचा बाप्या. सासूबाईंचा पहिला मुलगा, म्हणजे अर्थातच त्यांच्या सासूने वाढवलेला. त्यांनी जन्मदात्रीला अदबीने हात दिला.

"वहिनी, जपून. पायरी आहे."

सासूबाई जपून उतरल्या.

घरी पोचेपर्यंत घोड्या पिळायची वेळ झाली होती. शिंगरू आधी घोडीला लावायचं, पान्हा फुटला की ओढून बाजूला धरायचं. ते काम चिनाराचं. शिंगरू मानेला हिसके देत होतं, चिनारा दोन्ही हातांनी त्याला धरून उभी होती. सासूबाई एक गुडघा जमिनीला टेकून, दुसऱ्यावर बादली तोलून धारा काढत होत्या. एक घोडी झाली. दुसरी झाली. तिसरीपाशीही त्या तशाच खाली बसल्या, कण्हल्यासुद्धा नाहीत.

चिनारा त्यांच्या गुडघ्यांकडे बघतच राहिली.

सासूबाईंनी मान वळवली नाही.

"शनिवारी पुन्हा दुखणार आहेत," त्या घोडीला म्हणाल्या.